वटवाघूळ कानाने शिकार करतं, हे ठीक. पण नक्की कसं?

पेट किंवा नेटची तयारी करताना ‘वटवाघूळ प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतं’ हे वाक्य तुम्ही पाठ केलेलंच असेल. ते सिद्ध व्हायला जवळपास दीडशे वर्षं लागली, आणि सिद्ध झाल्यावर ते अपुरं आहे असंही दिसलं. रिसर्च डिझाइन शिकण्यासाठी मला तरी याहून चांगली गोष्ट माहीत नाही.

निरीक्षण होतं, स्पष्टीकरण नव्हतं

१७९३ साली इटलीतल्या लाझारो स्पालान्झानीने पाहिलं, की पूर्ण अंधारात घुबड धडकतं, पण वटवाघूळ आरामात उडतं. त्याने वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरीही ती उडाली. (आज असा प्रयोग कुठलीच एथिक्स कमिटी मंजूर करणार नाही.) अशी काही वटवाघळं सोडून त्याने पुन्हा पकडली, तर त्यांची पोटं किड्यांनी भरलेली! पुढे १७९४ मध्ये जिनिव्हाच्या लुई ज्युरीनने त्यांचे कान बंद केले, आणि मग मात्र ती धडकू लागली.

म्हणजे काम कानाचं. पण उडणाऱ्या वटवाघळाचा आवाज तर माणसाला ऐकूच येत नव्हता. मग कान ऐकतात तरी काय? याचं उत्तर नसल्यामुळे निष्कर्षच बाजूला पडला. वटवाघूळ पंखांच्या त्वचेने, म्हणजे स्पर्शाने वाट ओळखतं, असं क्युव्हियेने १७९५ मध्ये मांडलं आणि शंभरहून अधिक वर्षं तेच चाललं. क्युव्हियेचं नाव मोठं होतं, पण त्यामागे त्याचा स्वतःचा प्रयोग नव्हता.

कोंडी फुटली ती यंत्रामुळे. १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन आपली वटवाघळं घेऊन फिजिक्सचे प्राध्यापक पिअर्स यांच्याकडे गेला. त्यांच्या यंत्राने माणसाच्या कानापलीकडचे आवाज पकडले. नंतर रॉबर्ट गॅलाम्बोसबरोबर त्याने दाखवलं, की कान बंद करा किंवा तोंड, वटवाघूळ गोंधळतंच. ‘इकोलोकेशन’ हा शब्द ग्रिफिनने १९४४ मध्ये रूढ केला. गणित तुम्हीच करून बघा: ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर एक मीटरवरच्या किड्याकडून प्रतिध्वनी परत यायला साधारण ६ मिलिसेकंद लागतात.

मग बेडूक कसा सापडतो?

आता आपल्याकडे या. पेण किंवा रोह्याच्या बाजूची पावसाळ्यातली भातखाचरं डोळ्यांसमोर आणा. हवेत उडणाऱ्या किड्याचा प्रतिध्वनी सुटा येतो. बांधावर बसलेल्या बेडकाचा मात्र गवत, चिखल, ढेकळं यांच्या प्रतिध्वनींत मिसळून येतो. त्यातून बेडूक वेगळा कसा काढायचा?

हा प्रश्न भारतातल्याच एका वटवाघळावर तपासला गेला. मेगाडर्मा लायरा (आता लायरोडर्मा लायरा), म्हणजे ‘फॉल्स व्हॅम्पायर’. कपाळावर जोडलेले भले मोठे कान. खाद्य मोठे किडे, बेडूक, उंदीर, पाली. गुहांत आणि जुन्या इमारतींत राहतं. १९७९ मध्ये फीडलर यांनी दाखवलं, की हे वटवाघूळ हाका न मारताही शिकार पकडू शकतं. १९८७ मध्ये मारिमुथू आणि नॉयवायलर यांच्या प्रयोगांत दिसलं, की ते हलणाऱ्या भक्ष्याची खुसफुस ऐकून झेपावतं. म्हणजे इथे प्रतिध्वनी नाही, नुसतं कान देऊन ऐकणं!

झालं, पुस्तकात नवं वाक्य आलं: हे वटवाघूळ ‘ऐकून’ शिकार करतं. पण २००० साली सबिने श्मिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जमिनीवरचं निपचित, आवाज न करणारं भक्ष्यही ते उचलतं, आणि ते प्रतिध्वनीच्या मदतीने. म्हणजे जुनं उत्तर चूक नव्हतं आणि नवंही पुरेसं नव्हतं.

तुमच्यासाठी यात काय?

ज्युरीनच्या प्रयोगाने ‘कान लागतो’ एवढंच सिद्ध झालं होतं. ‘प्रतिध्वनी लागतो’ हा वेगळा दावा. त्यासाठी तोंडही बंद करून बघावं लागलं. ‘नुसतं ऐकणं पुरतं’ हा तिसरा दावा, आणि ‘नेहमी तसंच होतं’ हा चौथा. प्रत्येक दाव्याला त्याचा स्वतःचा कंट्रोल लागतो. आपण सिनॉप्सिस लिहिताना बहुतेक वेळा पहिल्या दाव्याच्या पुराव्यावर चौथा दावा करून मोकळे होतो, आणि मुलाखतीत गाईड नेमकं तिथेच बोट ठेवतात.

दुसरं, ‘मेकॅनिझम माहीत नाही’ म्हणून नीट घेतलेलं निरीक्षण फेकू नका. नोंदवून ठेवा. ज्युरीनला यंत्र मिळालं नाही, पण त्याची नोंद टिकली म्हणून पुढचं काम तिच्यावर उभं राहिलं.

फणसाड अभयारण्य रोहा आणि मुरूड तालुक्यांतच आहे. तिथे किंवा गावाकडे या विषयावर काम करायचं मनात असेल, तर बॅट डिटेक्टरच्या जोडीला साधा मायक्रोफोनही हवा. नाहीतर हाका नोंदल्या जातील आणि बेडकाची उडी राहून जाईल. आणि वटवाघळांच्या वस्तीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, हे तर आहेच.

तुमच्या विषयातलं असं पाठ केलेलं वाक्य कोणतं? त्यात किती दावे लपलेत, ते आज कागदावर मोजून बघा.