राजापूर मतदारसंघाचा निवडणूक-वृत्तांत

राजापूर हें नांव संशोधकांस इंग्रजांच्या वखारीमुळें व इ. स. १६६१ मधील शिवछत्रपतींच्या स्वारीमुळें परिचित आहे. याच नांवाचा लोकसभेचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेंत लुप्त झाला. त्याची हकीकत टिपून ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१९५७ पासून २००४ पर्यंत येथें तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. विजयी पुरुष मात्र चारच. बॅ. नाथ पै यांनीं १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन जिंकल्या. जानेवारी १९७१ मध्यें ते निवर्तले. त्याच वर्षीं प्रा. मधु दंडवते निवडून आले, व १९८९ पर्यंत ओळीनें पांच वेळां जिंकले. ही जागा समाजवादी पक्षाची, असें सर्रास म्हणतात. नाथ पै यांच्या मागें त्यांच्याच प्रजासमाजवादी पक्षाचे दंडवते आले, हें त्या मतास अनुकूल प्रमाण खरें. परंतु दंडवते १९७७ मध्यें जनता पक्षाचे, १९८९ मध्यें जनता दलाचे. पक्षाचें नांव दोनदां पालटलें तरी मतदार हलला नाहीं, १९८४ च्या काँग्रेस-लाटेंतहि नाहीं. तेव्हां मत मुख्यतः मनुष्यास होतें, हेंच अनुमान आम्हांस सयुक्तिक दिसतें. १९९१ मध्यें काँग्रेसचे सुधीर सावंत यांनीं ती परंपरा खंडित केली. १९९६ पासून चार वेळां शिवसेनेचे सुरेश प्रभु.

मतपत्रिका मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम असल्यानें तें साधन उरत नाहीं. यास्तव १९७१ व १९७७ चीं प्रचारपत्रकें ज्यांच्या दप्तरीं असतील त्यांनीं तीं पोथ्यांप्रमाणेंच जपावीं. त्यांत पक्षाचें नांव ठळक छापलें आहे कीं उमेदवाराचें, एवढ्यावरूनहि वरील अनुमानाची परीक्षा होईल.