चिंच लावण्याआधी पदकाची कड वाचा

पालकहो, सुट्टीत गावी जाणार असाल तर ट्रंकेतलं पणजोबांचं लष्करी पदक एकदा हातात घ्या. आणि घरच्यांना आत्ताच फोन करून सांगा, घासू नका!

आमचं काय झालं ते सांगते. इथे ११ नोव्हेंबरला शाळेत पहिल्या महायुद्धाची आठवण करतात. लेकीला घरातली जुनी वस्तू न्यायची होती. सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला, तर पणजोबांचं पदक दर दिवाळीला पितळी भांड्यांबरोबर चिंच लावून घासलेलं. "बघ कसं नव्यासारखं दिसतंय!"

पंखवाली विजयदेवता असलेलं हे पदक लाखोंना मिळालं. दोन्ही बाजू सगळ्यांच्या जवळपास सारख्याच. ओळख असते ती कडेवर: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली. 'मराठा' जुन्या स्पेलिंगने, मधे एक एच आणि पुढे दोन टी, म्हणून पटकन ओळखू येत नाही. 'एल. आय.' म्हणजे लाइट इन्फन्ट्री.

खरी गोष्ट पलटणीच्या आकड्यात आहे. त्या काळी मराठा पलटणी होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. (१११ दिसला तर ती १९१७ साली उभारलेली महार पलटण.) १९२२ मध्ये या सहाही पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटखाली आल्या आणि जुने आकडे गेले. म्हणजे १०३ ची झाली पहिली बटालियन, १०५ ची दुसरी. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत १०३ शोधलात तर सापडणार नाही, कारण तो आकडा फक्त जुन्या वस्तूंवर उरलाय.

आमच्या पदकावर नाव वाचता येतं. पलटण मात्र '१०' आणि पुढे गुळगुळीत. मराठा पलटण असेल तर १०३ किंवा १०५.

एका आकड्याने काय फरक पडतो? १०३ वी इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. पाच महिने उपासमार, घोड्यांचं मांस, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३ हजार सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले, त्यांतले हजारो परतले नाहीत. १०५ वी त्या वेढ्यात नव्हती. ती नंतर त्याच आघाडीवर लढली. पणजोबा त्या वेढ्यातल्या पलटणीचे होते की नव्हते, हे ज्या आकड्यावरून कळलं असतं, तोच आम्ही चिंचेने पुसला.

म्हणून एवढंच करा. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा. खिडकीशी तिरप्या उजेडात धरून, पदक फिरवत कडेचे चार-पाच फोटो काढा. सोबतची कागदपत्रं, पेन्शनचं पुस्तक, बिल्ला काही असेल तर तेही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आज विचारा.

लेकीने शाळेत दोन्ही पलटणींची गोष्ट सांगितली. घरी येऊन म्हणाली, "आई, आजीला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल."

तुमच्या घरच्या पदकाच्या कडेवर काय लिहिलंय?