डार्विनचें बालनिरीक्षण : टिपण आणि लेख

मानसशास्त्रांतील निरीक्षणपद्धतीचें बळ व उणीव हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं पाहावयाचीं असतील, तर चार्लस् डार्विन याचा एक छोटा लेख त्यास पुरेसा आहे. इंग्लंडांतील 'माइंड' त्रैमासिकाच्या जुलै १८७७ च्या अंकांत तो छापला. तेन या फ्रेंच पंडिताचा, मुलें भाषा कशी शिकतात याविषयींचा लेख त्याच त्रैमासिकांत वाचून डार्विनास आपल्या वडील मुलाविषयींचीं जुनीं टिपणें आठवलीं. या मुलाचा, विल्यमचा, जन्म २७ डिसेंबर १८३९ चा. म्हणजे टिपण व लेख यांत सुमारें ३७ वर्षें गेलीं. अस्सल कागद आणि मागाहून रचलेली बखर यांतला भेद जाणणारांस या अंतराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. सुदैवानें मूळ वही टिकली असून ती डार्विनच्या पत्रव्यवहाराच्या चौथ्या खंडांत १९८८ सालीं प्रसिद्ध झाली आहे. तींत कांहीं नोंदी पत्नी एमा हिच्या हातच्या आहेत. लेखांत बोलतो तो मात्र एकटा बाप.

सातव्या दिवशीं तळपायास कागद लागतांच मुलानें पाय ओढून घेतला. नवव्या दिवशीं त्याची नजर मेणबत्तीवर ठरली. येथें दिसलें तेवढेंच लिहिलें आहे. आठव्या दिवशीं रडण्यापूर्वीं कपाळास आठ्या पडल्या. त्या रागाच्या कीं वेदनेच्या, याचा निर्णय त्यानें दिला नाहीं. हा संयम मला सर्वांत मोलाचा वाटतो. (पुढें १८८२ सालीं प्रायर या जर्मन पंडितानें आपल्या मुलास रोज निदान तीनदां पाहून मोठा ग्रंथ सिद्ध केला.)

परंतु २ वर्षें साडेसात महिन्यांच्या वयाची नोंद पाहा. मुलगा जेवणघरांतून बाहेर आला तो डोळे विलक्षण चमकत, वागण्याची ढब चमत्कारिक. बापानें आंत जाऊन पाहिलें, तों मनाई असतां कुटलेली साखर खाल्ली होती. मुलास शिक्षा कधींच झाली नव्हती. तेव्हां ही ढब भीतीची नव्हे, सुख व सदसद्विवेक यांच्या झगड्याची, असें डार्विन म्हणतो. चमकते डोळे हें प्रत्यक्ष. झगडा हें अनुमान. नैयायिक विचारील कीं येथें व्याप्ति कोठें ठरली? धूर व अग्नि यांचें साहचर्य स्वयंपाकघरांत वारंवार पाहिल्यावर मग पर्वतावर अग्नि मानावयाचा. येथें स्वयंपाकघर एक, मूलहि एकच. शिवाय शिक्षा झाली नसली तरी बापाची नाराजी मुलानें पाहिली नसेल असें कोण म्हणेल? तथापि असा प्रसंग प्रयोगशाळेंत मागवून मिळत नाहीं. तो घरांतच, आणि टपून बसलेल्यासच सांपडतो. पंधरवड्यानें तोच मुलगा त्याच खोलींतून, लोणच्याच्या रसाचे डाग झांकण्यासाठीं अंगरखा नीट गुंडाळून, बाहेर आला.

साडेचार महिन्यांच्या सुमाराची गोष्ट याहून वेगळी. बाप जवळ बसून नाना मोठे आवाज काढी आणि मुलास ती सारी थट्टा वाटे. एके दिवशीं त्यानें प्रथमच मोठ्यानें घोरण्याचा आवाज केला. मूल गंभीर झालें व रडूं लागलें. येथें पाहणाराच कारण झाला. मग दोनतीन दिवसांनीं विसरून त्यानें तोच आवाज पुन्हा केला, आणि मूल पुन्हा रडलें. शास्त्रास हवी असलेली ही पुनरावृत्ति बापाच्या विसराळूपणानें मिळाली.