छोट्या छेदामागचा दडलेला धोका

१/ गर्भाशय काढण्यासाठी पूर्वी बहुधा पोट उघडावे लागे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने छेद बोटाएवढा झाला; पण त्यातून गर्भाशय बाहेर काढायचे कसे? १९९० च्या दशकात उत्तर मिळाले: पॉवर मॉर्सेलेटर, फिरत्या पात्याने ऊतींचे तुकडे करणारे यंत्र.

२/ वेदना घटल्या, रुग्ण लवकर घरी परतू लागली. मात्र साधी फायब्रॉइड समजलेल्या गाठीत कर्करोग दडलेला असला, तर तेच पाते त्याच्या पेशी पोटात विखुरत असे. शस्त्रक्रियेआधी तो खात्रीने ओळखणारी चाचणी नव्हती.

३/ ऑक्टोबर २०१३. बोस्टनमधील भूलतज्ज्ञ एमी रीड यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या ऊतींच्या तपासणीत लायोमायोसार्कोमा हा आक्रमक कर्करोग आढळला. त्यांनी व त्यांच्या हृदयशल्यविशारद पतीने या यंत्राविरुद्ध मोहीम उभारली.

४/ तोवर हा धोका अतिविरळ मानला जाई. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नवा अंदाज मांडला: फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीत सार्कोमा दडलेला असतो. जुलैमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने आपली यंत्रे बाजारातून मागे घेतली.

५/ मे २०१७ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, रीड यांचे निधन झाले. यंत्र आजही वापरात आहे. पण ऊतींचे तुकडे बंद पिशवीतच करावेत, असे प्रशासन २०२० पासून सांगते.