व्यावसायिक बास्केटबॉल, स्त्रियांचा
बास्केटबॉल हा खेळ पुरुष व स्त्रिया यांच्यात जवळजवळ एकाच वेळी सुरू झाला. तथापि त्यावर उपजीविका करण्याची संधी स्त्रियांना फार उशिरा लाभली. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथे हा खेळ शोधून काढला व पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ महाविद्यालयात तो विद्यार्थिनींना शिकविला. श्रम बेताचे व्हावेत म्हणून त्यांनी क्रीडांगणाचे तीन भाग पाडले आणि खेळाडूस आपल्या भागाबाहेर जाण्यास मनाई केली. अशा सौम्य नियमांचा पगडा स्त्रियांच्या खेळावर कित्येक दशके राहिला. त्यास अपवाद म्हणजे १९३६ मध्ये स्थापन झालेला ‘ऑल अमेरिकन रेड हेड्स’ हा फिरता संघ. केस तांबडे रंगविलेल्या या खेळाडू गावोगावच्या पुरुषसंघांशी पुरुषांच्याच नियमांनी खेळत. हा संघ १९८६ पर्यंत टिकला.

शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास प्रतिबंध करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये संमत झाला आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धेतील पहिला गोल लुसिया हॅरिस हिने केला. १९७८ च्या डिसेंबरात मिलवॉकी येथील सामन्याने स्त्रियांच्या पहिल्या व्यावसायिक साखळी स्पर्धेस आठ संघांनिशी प्रारंभ झाला. अचूक नेमबाजीमुळे ‘मशीनगन मॉली’ म्हणून गाजलेली मॉली बोलिन, कॅरल ब्लेझेजाउस्की आणि ॲन मायर्स या तिच्यातील अग्रगण्य खेळाडू होत. मायर्सशी ‘इंडियाना पेसर्स’ या पुरुषसंघाने १९७९ मध्ये पन्नास हजार डॉलरचा करार केला होता. मात्र चाचणीनंतर तिची निवड झाली नाही. या साखळी स्पर्धेची आर्थिक बाजू दुबळीच राहिली. वेतन थकल्यामुळे मिनेसोटा संघाच्या खेळाडू १९८१ मध्ये सामना न खेळताच मैदानावरून निघून गेल्या व त्याच वर्षी ही स्पर्धा बंद पडली.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत अनेक श्रेष्ठ खेळाडूंना ऐन उमेदीत मायदेशी स्थिर व्यासपीठ मिळाले नाही. १९८४ च्या ऑलिंपिक विजयात चमकलेल्या शेरिल मिलरचा खेळ गुडघ्याच्या दुखापतीने अकाली संपला. लिनेट वुडर्ड इटली व जपान येथे खेळली. १९८५ मध्ये ‘हार्लेम ग्लोबट्रॉटर्स’ या विख्यात पुरुषसंघात प्रवेश मिळविणारी ती पहिली स्त्री होय. सिंथिया कूपरने स्पेन व इटली येथे सुमारे दहा वर्षे काढली.

१९९६ मध्ये एक नवी साखळी स्पर्धा निघाली. ती १९९८ अखेर बंद पडली. २१ जून १९९७ रोजी सुरू झालेली ‘डब्ल्यूएनबीए’ मात्र टिकली. तिच्या पहिल्या चारही स्पर्धा (१९९७–२०००) ‘ह्यूस्टन कॉमेट्स’ संघाने जिंकल्या. शेरिल स्वूप्स व टीना टॉम्पसन यांच्यासह या यशाची मानकरी असलेली कूपर पहिल्या हंगामात चौतीस वर्षांची होती. वुडर्ड तर सदतिशी उलटल्यावर क्लीव्हलंड संघातून खेळली. उडी घेऊन चेंडू थेट कड्यातून खाली दडपण्याचे कौशल्य या स्पर्धेच्या सामन्यात प्रथम लिसा लेस्लीने २००२ मध्ये दाखविले. डायना टॉरासी २०२३ मध्ये दहा हजार गुण पार करणारी पहिली खेळाडू ठरली. तरीही परदेशी उत्पन्नावरील अवलंबन संपले नव्हते : विश्रांतीसाठी रशियन संघाने देऊ केलेली रक्कम मायदेशातील वेतनाहून कितीतरी मोठी असल्याने टॉरासीने २०१५ चा हंगाम सोडला.

केवळ विक्रमांच्या नोंदींवरून या खेळाडूंचे मूल्यमापन करणे म्हणूनच अपुरे ठरते. वुडर्डने महाविद्यालयीन सामन्यांत ३,६४९ गुण मिळविले होते. परंतु त्या काळी स्त्रियांच्या स्पर्धा वेगळ्या संघटनेकडे असल्याने ते अधिकृत विक्रमांत धरले गेले नाहीत. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कने हा आकडा ओलांडला, तेव्हा वुडर्डच्या कामगिरीची सर्वत्र नव्याने दखल घेतली गेली.