डावीकडची ओढ

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा विमान उडवलं. म्हणजे, उडवायचा प्रयत्न केला. गेम होता २००६ सालचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’. लोहगावची धावपट्टी, सेसना १७२ आणि मित्राकडून उसनी आणलेली जॉयस्टिक. थ्रॉटल पूर्ण पुढे केला आणि विमान सरळ जायचं सोडून डावीकडच्या गवतात घुसलं. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच.

मला वाटलं, जॉयस्टिक बिघडली. सेटिंग्ज धुंडाळताना ‘रिअॅलिझम’ नावाचं पान सापडलं. त्यावर इतर गोष्टींबरोबर तीन सरकपट्ट्या होत्या: पी-फॅक्टर, टॉर्क, जायरो. अर्थ कळला नाही, पण तिन्ही शून्यावर ओढल्या. विमान शहाण्या मुलासारखं सरळ धावलं आणि उडालं. मी ओरडलोच, “जमलं!”

मामाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तेव्हा ते बंद होतं. तो मागे उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, “जमलं कुठे? तू पेपरच रद्द केलास की.”

हे लागलं, कारण माझी कॉलेजची परीक्षा त्याच महिन्यात खरोखर रद्द झाली होती.

मग त्याने विचारलं, “भिंतीत ड्रिलचं बिट अडकलं की काय होतं?”

“मशीन उलटं फिरतं. मनगट पिरगाळतं.”

“बस. तुझ्या विमानाला मनगट नाही, म्हणून ते अख्खंच पिरगाळतं.”

त्या तीन पट्ट्यांवरच्या शब्दांमागे काय आहे, हे मी नंतर कित्येक महिने वाचत राहिलो. आधी त्यातलं विज्ञान थोडक्यात.

बहुतेक छोट्या विमानांचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहतं. जमिनीवर डाव्या चाकावर जास्त भार येतो आणि ते चाक जास्त घासतं. हा टॉर्क. पंख्याने मागे फेकलेली हवा स्क्रूच्या आट्यांसारखी विमानाभोवती फिरत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे जातं, नाक डावीकडे. विमानाचं नाक वर असेल तेव्हा पंख्याचं खाली येणारं उजवं पातं हवेचा मोठा घास घेतं, त्यामुळे उजवीकडून जास्त जोर लागतो आणि नाक पुन्हा डावीकडे. हा पी-फॅक्टर. चौथा प्रकार भोवऱ्याचा. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूने ढकललं तर तो काटकोनातल्या दुसऱ्याच बाजूला कलतो. पंखा हाही एक भोवराच. तो जायरो.

थोडक्यात, जोर जास्त आणि वेग कमी असला की विमान डावीकडे ओढलं जातं. वैमानिकाने उजव्या पायाने रडर दाबायचा आणि ते सरळ ठेवायचं.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला ही भानगड फारशी नव्हती. त्यांनी एका इंजिनावर दोन पंखे बसवले होते आणि एकाची साखळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिढा देऊन घातली होती, म्हणजे दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरत. ओढ परस्पर फिटायची. पुढे विमानं हलकी, स्वस्त आणि चपळ हवी होती. एक इंजिन, एक पंखा ही पद्धत रूढ झाली आणि तो हिशेब वैमानिकाच्या पायावर आला.

त्या हिशेबाचं सगळ्यात क्रूर पान म्हणजे पहिल्या महायुद्धातलं ‘सॉपविथ कॅमल’. १९१७ मध्ये आघाडीवर आलेल्या या विमानाचं इंजिन रोटरी होतं. यात पंख्याबरोबर अख्खं इंजिन, सगळे सिलिंडर धरून, गरगर फिरायचं. केवढा मोठा भोवरा! उजवीकडे वळलं की नाक खाली जायचं, डावीकडे वळलं की वर. दोन्ही वळणांना डावाच रडर लागायचा. ज्याला हे साधलं, त्याच्या हातात उजवीकडे विजेसारखं वळणारं शस्त्र आलं. कॅमलच्या वैमानिकांना शत्रूची १,२९४ विमानं पाडल्याचं श्रेय दिलं जातं. पण विमान एकाच माणसाचं. शिकवणारा शेजारी बसणार कुठे? नवशिका पहिल्या उड्डाणालाच एकटा. पुढे प्रशिक्षणासाठी दोन आसनांची काही कॅमल तयार केली गेली, पण तोवर बरीच पोरं जमिनीत रुतली होती. कॅमल उडवताना लढाईबाहेर मेलेल्यांची संख्या लढाईत मेलेल्यांच्या जवळपास पोचते. वयं माझ्याएवढीच, एकोणीस-वीस.

त्या कॅमलमध्ये एक भारतीयही होता. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक. ऑक्सफर्डला शिकलेले, ससेक्सकडून क्रिकेट खेळलेले. पगडीवर बसेल असं खास हेल्मेट करून घेऊन ते ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून लढले. ऑक्टोबर १९१७ मध्ये जर्मन विमानांनी त्यांना घेरलं आणि गोळ्या पायात घुसल्या. कॅमलमध्ये पाय जखमी होणं म्हणजे काय, हे वाचताना मला पहिल्यांदा कळलं, कारण रडर पायानेच दाबायचा असतो. तरीही त्यांनी विमान आपल्या हद्दीत आणून आदळवलं आणि ते वाचले. पुढे ते फ्रान्समध्ये स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. पायातल्या गोळ्या जन्मभर तशाच राहिल्या.

माणसं मारून शिकवणं परवडत नाही, हे कळायला वेळ लागला. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून त्याने १९२९ मध्ये जमिनीवरच डोलणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतलं खेळणं म्हणूनच जास्त खपलं. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचं काम आलं आणि काही आठवड्यांत अनेक वैमानिक खराब हवामानात मेले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. माझ्या मामाच्या कॉम्प्युटरवरच्या गेमचा पणजोबा तो हाच.

विमानं बनवणाऱ्यांनीही आपल्या परीने उपाय शोधले. इटलीच्या ‘माकी सी. २०२’चा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर लांब ठेवला होता, टॉर्कला उत्तर म्हणून. जर्मनीच्या ‘मेसरश्मिट १०९’च्या शेपटीचं उभं पातं एका बाजूला फुगीर होतं. पण असा उपाय एकाच वेगाला बरोबर बसतो. १०९ च्या बहुतेक विमानांत रडर ट्रिम नव्हता, म्हणून वेग फार वाढला की वैमानिकाला उलट डावा पाय दाबून धरावा लागायचा. माझ्या सेसनाच्या रडरलाही मागच्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी असते. ती जमिनीवर हाताने वाकवून ठेवायची. हवेत बदलता येत नाही.

हवेत बदलता येणारी सोय म्हणजे रडर ट्रिम. कॉकपिटमधलं चाक फिरवलं की रडरच्या कडेची पट्टी एका बाजूला वळते, हवा तिला रेटते आणि रडर उलट बाजूला आपोआप धरून ठेवला जातो. पायाला विसावा.

या चाकाची खरी परीक्षा ‘स्पिटफायर’ने घेतली. आधीच्या स्पिटफायरना मर्लिन इंजिन होतं, ओढ डावीकडे. मार्क ९ च्या पुस्तिकेत लिहिलंय: उड्डाणापूर्वी रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे. मग जास्त ताकदीचं ग्रिफन इंजिन आलं, आणि ते उलट फिरायचं. मार्क १४ साठी सूचना: ट्रिम पूर्ण डावीकडे. विमान दिसायला ओळखीचं, नावही तेच. सवयीने ट्रिम उजवीकडे ठेवून थ्रॉटल उघडला, की ट्रिम आणि इंजिन मिळून विमान उजवीकडे भिरकावणार. शेकडो तासांचा अनुभवच तिथे घात करायचा. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनीही हा बदल अनुभवला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी मर्लिनची मार्क ८ उडवली, आणि १९४६ मध्ये ४ क्रमांकाची स्क्वाड्रन ग्रिफनची मार्क १४ घेऊन जपानला गेली. पायाला एकदा शिकवलेलं विसरायला लावायचं, आणि तेही धावपट्टीवर.

घरातल्या सिम्युलेटरांनी सुरुवातीला हा सगळा त्रास झाकून टाकला. ब्रूस आर्टविकचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर ॲपल २ साठी आला तो १९७९-८० च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये. लोकांकडे पेडल कुठली? कीबोर्डवर भागवायचं. म्हणून रडर आपोआप सांभाळणारी सोय आली. मशीन सुधारत गेलं तशी खरी ओढही आत आली, पण कमी-जास्त करता येणाऱ्या पट्ट्यांच्या रूपात. कॅमलच्या पोरांना ती पट्टी नव्हती.

हे वाचून झाल्यावर मी तिन्ही पट्ट्या पुन्हा शेवटापर्यंत सरकवल्या. जुनी पेडल मिळवली. आणि एक घोळ ध्यानात आला. खऱ्या विमानात ट्रिम पायावरचा भार काढून घेतो; पायाला कळतं, आता हलकं झालं. घरच्या पेडलची स्प्रिंग मात्र कायम मध्यावरच ओढते. ट्रिम लावला तरी तिला पत्ता नसतो. त्यामुळे नवशिके पाय तसाच ठेवून ट्रिम वाढवतात आणि विमान भलतीकडे वळतं.

मला जमलेली रीत अशी. आधी पाय. कॉकपिटातल्या वळण दाखवणाऱ्या तबकडीत एक काळा गोळा असतो. तो ज्या बाजूला सरकेल, त्या बाजूचा पेडल दाबून त्याला मध्यावर आणायचं. वेग आणि इंजिनाचा जोर स्थिर होऊ द्यायचा. मग ट्रिम थोडाथोडा वाढवत पाय तितकाच सैल सोडायचा. पेडल मध्यावर आले आणि गोळाही मध्यावर राहिला, की झालं. चढताना उजवीकडे जास्त लागतो, आडव्या उड्डाणात कमी, आणि इंजिन मंद करून उतरताना कधी थोडा डावीकडे. वेग किंवा जोर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. कायमचा बरोबर असा ट्रिम नसतो.

गेल्या दिवाळीत मामा घरी आला होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, पट्ट्या पूर्ण उघड्या ठेवल्या आणि काही सांगितलं नाही. त्याने थ्रॉटल ढकलला. सेसना डावीकडच्या गवतात.

दोन मिनिटं तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग वाकून टेबलाखालचे पेडल हलवून बघत म्हणाला, “हे बिघडलेत का रे?”