ग्रेनला अडवणारे कण

शिरवणे एमआयडीसीत माल भरायला उभ्या असलेल्या ट्रकच्या गिअरमागे १९४८ सालचं एक गणित आहे.

पोलाद असंख्य स्फटिकांचं बनलेलं असतं. त्यांना ग्रेन म्हणतात. गिअर कडक करताना भट्टी ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेव्हा मोठे ग्रेन लहानांना गिळत वाढतात आणि गिअरचा दात ठिसूळ होतो. पोलादातले अॅल्युमिनियम नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण ग्रेनच्या सीमा अडवून धरतात.

कणांचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवून त्यांची त्रिज्या निम्मी केली, की ग्रेनच्या वाढीची मर्यादाही निम्मी होते. हा हिशोब क्लॅरेन्स झेनर यांचा, पण तो छापून आला सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांच्या निबंधात. स्मिथनी श्रेय झेनरना दिलं. आमच्या भाषेत, कमिट स्मिथनी केलं, ऑथर झेनर.

म्हणून आज आपण त्याला 'झेनर पिनिंग' म्हणतो.